तळेगावच्या वळूचा प्रवासविमा

माझं पोट बरीच वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासावर भरलं. वर्ध्याला स्टेशनच्या रस्त्यावर एका कापडदुकानाच्या माडीवर माझी खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर आणि जिन्याशी पाटी, 'आग, वाहतूक व अपघात विमा'. कंपनी खासगी होती, तिचं मोठं ऑफिस नागपूरला. तेव्हा आमचा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, म्हणजे किती जुनी गोष्ट आहे ते लक्षात येईल.

आमच्या भागात विम्याला 'बिमा' म्हणत आणि बिमा म्हटला की लोकांना मरण आठवे. आयुष्याचा विमा विकणारे एजंट वेगळे होते. ते ओसरीवर बसले की घरातल्या बायका उठून आत जात. माझा विमा ठरावीक मुदतीचा. माल निघाला की सुरू, पोचला की संपला. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या जिनिंग-प्रेसिंगमधून कापसाच्या गाठी मुंबईला जात. इंजिनाची एक ठिणगी पडली तर मालगाडीची अख्खी वाघीण, म्हणजे डबा, पेटायची. गाठी पोचल्याचं कळलं की व्यापाऱ्याबरोबर माझाही जीव भांड्यात पडे.

माणसांसाठीही कंपनीने एक छोटा विमा काढला होता. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने थोडा हप्ता भरायचा. वाटेत हातपाय मोडला, अंथरुणाला खिळावं लागलं, तर बरं होईपर्यंत त्याला दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळायची. त्याहून वाईट झालं तर ती घरच्यांना मिळायची. मला हा विमा फार आवडे आणि तो कोणी घेत नसे. हिंगणीचं एक भजनी मंडळ मथुरेला निघालं होतं. ते माझ्याकडे आले आणि त्यांनी पेटीचा विमा मागितला. मी विचारलं, तुमचा स्वतःचा काढू का? त्यांचे म्होरके शांतपणे म्हणाले, "आमी मोडलो तं जुळू जी. पेटी मोडली तं मंग सूर जुळत नाई." पेटीचा विमा काढून ते गेले. माणसं तशीच गेली.

असं बहुतेकांचं होतं. म्हणून तळेगावच्या गोदाबाईची हकीकत सांगावीशी वाटते.

आर्वीकडच्या तळेगावात, ज्याला श्यामजी पंताचं तळेगाव म्हणतात, रामगोपालजी नावाचे कापसाचे व्यापारी होते. त्यांच्या गोदामाच्या आगीच्या विम्याचं काम होतं म्हणून बाजाराच्या दिवशी मी पुलगावहून छोट्या गाडीने आर्वीला आणि तिथून दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून तळेगावला गेलो. थंडीचे दिवस होते. दुकानात गादीसमोर एक जोडपं बसलेलं होतं. पुंडलिक येवले आणि त्याची बायको गोदाबाई. जातीने गवळी, चाळिशीच्या पुढचे. पुंडलिक उंच, हडकुळा, सारखा हसणारा. गोदाबाई ठेंगणी, आणि हसण्याची तिला घाई नव्हती.

त्यांच्याकडे गवळाऊ जातीचा एक वळू होता. ही आमच्या भागातली जात. पांढरीशुभ्र, उंच, लांबट तोंडाची, आणि चालायला इतकी चपळ की दमणीला जुंपली तर घोड्याला मागे टाकील. या वळूचा पांढरा रंग कोशाच्या रेशमासारखा किंचित पिवळसर होता म्हणून त्याचं नाव कोशा. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तो पहिला आला होता आणि सरकारी ढोरडॉक्टरने दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्याची निवड केली होती. पुंडलिक तेव्हापासून जमिनीवर नव्हता. गोदाबाईचा मात्र ठाम नकार होता. आजूबाजूच्या कितीतरी गावांतल्या गाई कोशाकडे येत. तो वाटेत दगावला तर पुढची पैदासच बुडणार होती. रामगोपालजी दिल्लीला जाऊन आलेले, म्हणून दोघं त्यांचा सल्ला घ्यायला आले होते.

रामगोपालजींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हे बिमावाले आहेत, यांनाच विचारा, असं हसत सांगितलं. त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. गोदाबाईने थट्टेत घेतलं नाही. तिने मला सरळ विचारलं, "सांड मेला तं तुमी काय देता?"

"ठरलेले पैसे देतो."

"पैशाच्या पोटी वासरं होतात काय?"

 धंद्यात आम्हाला शिकवलं होतं की गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, म्हणून मी खरं तेच सांगितलं. कंपनी वळू परत आणून देऊ शकत नाही. पण विमा देण्याआधी कंपनी खूप खोदून विचारील. वाघिणीची जमीन कशी आहे, खाली काय अंथरणार, पाणी कुठल्या स्टेशनांवर मिळेल, चारा घरचा की वाटेतला, सोबत कोण, वाटेत जनावर आजारी पडलं तर कुठे उतरवायचं आणि तार कोणाला करायची. हे सगळं ठरल्याशिवाय कागद होणार नाही.

गोदाबाई पदर सावरून नीट बसली. "हे सारं तुमी इचारता?"

"विचारावंच लागतं. वळू मेला तर पैसे आमचे जातात."

ती नवऱ्याकडे वळली. "आयकलं काय? आपुन तं यातलं काईच धरलं नोतं." मग मला म्हणाली, "मंग करा बिमा."

करा म्हणणं सोपं होतं. मी आजवर कोंबडीचासुद्धा विमा काढला नव्हता. नागपूरला गेलो. आमचे मॅनेजर बारकाईचे आणि कोरडे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वळूने चारा सोडला तर तो अपघात धरायचा की आजार, असं विचारलं. माझ्या ओळखीचा एक ढोरडॉक्टर सोबत नेला होता म्हणून निभावलं. दुपारपर्यंत शर्ती तयार झाल्या. त्यांत एक होती की जनावरासोबत एक अनुभवी पुरुष पाहिजे.

ती वाचून दाखवली तेव्हा पुंडलिकने मान खाली घातली. कोशा त्याला ओळखत होता पण त्याचं ऐकत नव्हता. वासरू असताना कोशाची आई गेली. गोदाबाईने त्याला दुसऱ्या गाईंचं दूध हाताने पाजून वाढवलं. तेव्हापासून तो तिच्याच हातचं खाई. मी पुन्हा नागपूरला गेलो. मालगाडीच्या वाघिणीत बसून बाई दिल्लीला जाणार हे मॅनेजरांना पटेना. मी म्हटलं, साहेब, शर्त कशासाठी आहे? वळू सुखरूप पोचावा म्हणून ना? त्यांनी लेखणी उचलली आणि 'पुरुष' शब्दावर काट मारून 'व्यक्ती' लिहिलं. आता नवरा-बायको दोघं जाणार असं ठरलं.

कागदावर अंगठे घ्यायला मी तळेगावला त्यांच्या घरी गेलो. गोठ्यात त्यांची लग्नाची मुलगी धार काढत होती. काम झाल्यावर मी सवयीने माणसांच्या विम्याचा विषय काढला. पुंडलिक मोठ्याने हसला. "आमाले काय होते जी? आमाले कोन बक्षीस देऊन राह्यलं?"

गोदाबाई गोठ्याकडे पाहत होती. तिने एवढंच विचारलं की परक्या गावात दोघांतलं एक पडलं, तर कंपनीचा माणूस येईल काय. विम्यात तसं काही नव्हतं. कंपनी कागद पाहून पैसे पाठवते, माणूस पाठवत नाही. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि "मी येईन" असं बोलून गेलो. एका कागदावर माझा तारेचा पत्ता ठळक लिहून तिला दिला. तिने तो कमरेच्या पिशवीत ठेवला आणि दोघांच्या विम्याला होकार दिला.

कोशाला चालवत त्यांनी पुलगावला आणलं. मी चढवणी पाहायला गेलो. वाघिणीत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर, पाण्याचं पिंप, सरकीची पोती, पवन्या गवताचे भारे. गोदाबाई फळीवरून आधी आत गेली, आणि कोशा तिच्या मागे एखाद्या पाहुण्यासारखा चढला. सोबत जाणाऱ्यांनी आपल्या जोखमीवर प्रवास करायचा असा रेल्वेचा शिरस्ता होता, त्यावर दोघांचे अंगठे झाले. गाडी सुटली तेव्हा गोदाबाई पोत्यावर बसली होती आणि पुंडलिक दारात उभा राहून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात जोडत होता.

तार आली ती इटारसीहून. 'येवले जखमी, या,' एवढाच मजकूर. कोणता येवले, किती जखमी, काही नाही. माझ्या बायकोने भाकरी बांधून दिली आणि हे कंपनीचं काम आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. मग कशाला जाता, असं तिने विचारलं नाही, धोतरजोडी पिशवीत भरली. गाडीत सबंध वाट मी मनात दोघांना आलटून पालटून जखमी करत होतो.

इटारसीला उतरलो आणि मालधक्क्याकडे गेलो. मागच्या बाजूला एका कडुनिंबाला कोशा बांधलेला होता आणि त्याच्या पायाशी गोदाबाई गवत निवडत बसली होती. तिला धडधाकट पाहून मला आधी बरं वाटलं आणि मग पुंडलिकची आठवण झाली.

झालं होतं ते असं. त्यांची वाघीण उभी असताना शेजारच्या रुळावर एका इंजिनाने वाफ सोडली. कोशा बिथरला आणि अंग टाकून बाजूला सरला. पुंडलिक त्याच्या आणि वाघिणीच्या भिंतीच्या मध्ये सापडला. नडगीचं हाड मोडलं. गोदाबाई वेसणीला लोंबकळली, पदर काढून तिने जनावराच्या डोळ्यांवर टाकला आणि तो थंड होईपर्यंत बोलत राहिली. मग हमालांना आत येता आलं. त्यांनी पुंडलिकला हातगाडीवर घालून दवाखान्यात पोचवलं. तिने कोशाला खाली उतरवलं, कमरेची पिशवी उघडून पत्त्याचा कागद तारबाबूसमोर धरला, आणि तेव्हापासून ती दवाखाना आणि कडुनिंब यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. ती दवाखान्यात गेली की कोशा हंबरून मालधक्का दणाणून सोडी आणि त्याच्याजवळ जायची कोणाची छाती होत नसे.

मला पाहून ती उठली. रडली नाही. म्हणाली, "आले तुमी. आता दोघातल्या एकापाशी तुमाले राहा लागन."

"कोणापाशी?"

"सांडापाशी राहता येते काय?"

मी कोशाकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हटलं.

"मंग मालकापाशी राहा."

पण पुढे दिल्लीला जायचं की घरी परतायचं हे ठरायचं होतं. तिचं मन घरी जायचं होतं. नवऱ्याला परमुलखात पाय बांधून टाकून आपण वळू मिरवायला जायचं हे तिला पटत नव्हतं. आम्ही दवाखान्यात गेलो. पुंडलिकचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि चेहरा उतरला होता. तिने घरी जाऊ म्हणताच तो उशीवरून उठायला लागला.

"तू जाय," तो म्हणाला. "इथं बसून माह्या पायाकडं पाहून काय करशीन? हाड जुळाले जेवढे दिवस लागतात तेवढे लागनच. गावातून निगतानी लोकं येशीपर्यंत आले होते. त्याइले मी काय सांगू, इटारसी पाहून आलो?"

"तुमचं जेवनखान?"

"हे बिमावाले आहेत ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या बारीक नजरेने मॅनेजरांनीही कधी माझी तपासणी केली नव्हती. मग ती म्हणाली, "यायले वरन चालत नाई, तिखट लागते," आणि जायला निघाली.

आता सोबत दोघांऐवजी एकच व्यक्ती, म्हणजे शर्त बदलली. मी नागपूरला तार केली. मॅनेजरांचं उत्तर दोन शब्दांचं आलं, 'पुढे जा.' दुसरी गाडी लागली तेव्हा गोदाबाई कोशाला घेऊन एकटी वाघिणीत चढली. इंजिनाच्या आवाजासाठी तिने आता एक जाड गोणपाट जवळ ठेवलं होतं. मी गार्डाला चारदा सांगितलं की बाई एकटी आहे. गार्ड म्हणाले की एवढा मोठा जोडीदार असताना एकटी कशी.

मी पुंडलिकपाशी राहिलो. दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत खोली घेतली, एका खानावळीतून तिखट भाजी आणायची व्यवस्था केली. डॉक्टरांकडून दाखला घेतला, क्लेमचे कागद पाठवले. दर आठवड्याला पैसे मिळतील हे पुंडलिकला सांगितलं तेव्हा त्याला ते खरं वाटेना. "पडून राह्याचे पैसे?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. नंतर त्याला नवीच काळजी लागली की कुशीवर वळलं तर पैसे कापून घेतील काय. कंपाउंडर हसून बेजार झाला.

दिवस संपता संपत नसे, तो बोलत राही. लग्नानंतर ते दोघं एकमेकांना सोडून कधी राहिले नव्हते. गोदाबाईचं नाव न घेता तो सारखा तिच्याबद्दलच बोले. घरात पहिले सांड, मंग पोरगी, मंग मी, अशी तक्रार तो करी, आणि ती करताना त्याच्या चेहऱ्यावर इतका अभिमान असे की तक्रार कोणाला खरी वाटू नये. एके दुपारी तो प्लास्टरवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "तिले दिल्ली पाहाची हौस नोती. मले होती. मी इथं पडलो अन् ती तिथं गेली."  मी त्याला पाणी दिलं.

गोदाबाई परत आली ती सकाळची वेळ होती. कोशाला कडुनिंबाला बांधून ती तडक वॉर्डात आली. लुगड्याला कुटार चिकटलेलं, डोळे तारवटलेले. कोशाचा त्याच्या गटात दुसरा नंबर आला होता. तिने पिशवीतून रंगीत फीत काढली आणि पुंडलिकच्या प्लास्टरच्या पायाला बांधली.

"मले कायची?" तो म्हणाला.

"बांधू द्या. मोडलं तं तुमचंच."

त्याने दिल्ली कशी आहे म्हणून विचारलं. ती खाटेच्या कडेला बसली. "लय मोठी असन. मी सांडाच्या पाठीआडून जेवढी दिसली तेवढी पाह्यली." मग तिने सावकाश सांगितलं. मैदानात जनावरं फिरवायला सगळे पुरुषच होते. तिची पाळी आली तेव्हा एका साहेबाने मालक कुठे म्हणून विचारलं. मालक इटारसीला आहेत, तिने सांगितलं. साहेबाने फिरवून दाखवा म्हटलं. तिने कोशाला फिरवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा तो पुन्हा बिथरेल या भीतीने तिने गोणपाट हातात घट्ट धरलं होतं. पुंडलिकने तिला हे दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी तो डोळे मिटून ऐकत होता.

पुढे पुंडलिक घरी गेला, हाड जुळलं, चालताना थोडा लंगडे एवढंच. पैसे वेळच्या वेळी पोचले. कोशाच्या विम्यात कंपनीला एक छदाम द्यावा लागला नाही. हिशेब बंद करताना आमचे कोरडे मॅनेजर पहिल्यांदाच विनोद करताना मी पाहिले. ते म्हणाले, आपल्या एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पाय मोडला, अशी नोंद कंपनीत यापूर्वी झालेली नसावी.

त्या काळातला माझा सगळ्यांत लांबचा प्रवास इटारसीपर्यंतचाच. कोशाला मैदानात फिरताना पाहायचं राहून गेलं याची अजून हळहळ वाटते. तो छोटा विमाही पुढे कंपनीने बंद केला. परवडत नव्हता म्हणे.

पण त्याआधी, पुढच्या वर्षी, गोदाबाई वर्ध्याच्या माझ्या माडीवर आली. सोबत तळेगावच्या बाया होत्या. त्या काशीला निघाल्या होत्या, गोदाबाई स्वतः नव्हे, आणि सोबत पुरुष कोणी नव्हता. मी बोलायला सुरुवात केली तर तिने मला थांबवलं आणि बायांना स्वतःच समजावलं. हा बिमा काढला मंजे पाय मोडत नाई असं नाई, ती म्हणाली. मोडाचा तं मोडतेच. पन परक्या गावात आपलं नाव घेऊन कोनीतरी येते. मग माझ्याकडे वळून तिने बजावलं की तार आली तर जावं लागेल. मी हो म्हटलं. बायांनी एकेक करून अंगठे लावले.

त्या गेल्यापासून तारवाल्याची सायकल रस्त्यावर दिसली की माझं लक्ष कामात राहत नसे. तार आली नाही. बाया परतल्या त्या दिवशी गोदाबाई आदल्या गाडीने वर्ध्याला येऊन फलाटावर उभी होती. मीही गेलो. एकेक बाई उतरत होती, डोक्यावर गाठोडी, हातात गंगेच्या लोट्या, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. गोदाबाईने शेवटची बाई उतरेपर्यंत डब्याच्या दाराशी वाट पाहिली, तिचं गाठोडं उतरवून घेतलं आणि माझ्याकडे आली.

"पैसे वाया गेले, बिमावाले," ती म्हणाली.

पैसे वाया गेल्याचं इतक्या समाधानाने सांगणारं गिऱ्हाईक मला पुढे कधी भेटलं नाही.